डिगलीपूर: जाताना रस्त्यानं, येताना बोटीनं

आपल्याकडचे बहुतेक जण अंदमानला जाऊन सेल्युलर जेलमध्ये सावरकरांची कोठडी पाहतात, हॅवलॉकला दोन रात्री काढतात आणि परततात. आम्हाला वरचं टोक बघायचं होतं. पोर्ट ब्लेअर, म्हणजे २०२४ पासूनचं श्री विजयपुरम, तिथून रस्त्यानं डिगलीपूर सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास पडतं. बारा तास धरूनच चाला.

पहाटे अंधारात बस सुटते, कारण जिरकाटांगच्या फाटकातून पुढे गाड्या ठरलेल्या वेळी, ताफ्यानंच सोडतात. पुढचे पन्नासेक किलोमीटर जारवा या आदिवासी जमातीच्या राखीव जंगलातून जातात. थांबायचं नाही, फोटो काढायचा नाही, खायला काही द्यायचं नाही. १९५६ च्या संरक्षण कायद्याखाली हे गुन्हे आहेत. जारवा आता चारशेच्या वर आहेत. हा रस्ता बंद करा असं सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्येच सांगितलं होतं; वाहतूक आजही चालूच. एका वळणावर दोन बायका आणि एक मूल उभं दिसलं आणि अख्खी बस एका बाजूला झुकली. मीही झुकलो. मग बाराटांगला गाड्या खाडीपार नेणाऱ्या तराफ्यापर्यंत बसमध्ये कुणी फारसं बोललं नाही. परतीचं तिकीट बोटीचं काढायचं, हे तिथेच ठरलं.

डिगलीपूरच्या बाजारात कानावर बंगाली पडते. पन्नासच्या दशकात पूर्व बंगालच्या निर्वासितांना इथे जंगल तोडून जमिनी दिल्या गेल्या. लाकूडतोडीसाठी छोटा नागपूरहून आणलेल्या मजुरांच्या पुढच्या पिढ्यांना आजही ‘रांचीवाले’च म्हणतात. मायाबंदरजवळच्या वेबी गावात करेन लोक आहेत, १९२५ मध्ये ब्रह्मदेशातून आलेले. एकमेकांशी सगळे हिंदीत बोलतात, आणि या हिंदीला व्याकरणाचं फारसं ओझं नाही. या बेटाचे मूळ रहिवासी मात्र इथे नाहीत. ग्रेट अंदमानी जमातींपैकी उरलेले पन्नासेक जण स्ट्रेट आयलंडवर वसवले आहेत. त्यांच्यातली ‘बो’ ही भाषा इथलीच. ती बोलणाऱ्या शेवटच्या बाई, बोआ सीनियर, २०१० मध्ये वारल्या.

सॅडल पीक ७३२ मीटर, अंदमान-निकोबारमधलं सगळ्यात उंच शिखर. कळसूबाई चढलेल्यांनी आकड्यावर हसू नये. सुरुवात समुद्रसपाटीपासून, आधी दगडगोट्यांचा किनारा, मग दमट जंगलातला चढ. जाऊन-येऊन सोळा किलोमीटर. वनखात्याच्या फाटकावर नोंद करावी लागते. सहाला निघाच, कारण घड्याळ मुंबईचं आणि सूर्य ब्रह्मदेशाचा: जानेवारीत साडेपाचपर्यंत मावळतो. माणशी तीन लिटर पाणी न्या. जंगलात एकही माकड दिसलं नाही म्हणून चुकचुकू नका, अंदमानात ती मूळची नाहीतच. काळा अंदमानी सुतारपक्षी मात्र खोडावर ठोकताना दोनदा ऐकला, एकदा पाहिला.

रॉस आणि स्मिथ ही बेटं वाळूच्या पट्ट्यानं जोडलेली आहेत. एरियल बेच्या जेट्टीवरून होडी मिळते, ओळखपत्र लागतं. आम्ही भरतीची वेळ न विचारता गेलो आणि पट्टा पाण्याखाली! होडीवाला म्हणाला, ‘कल आना’. गेलो, आणि मग चालत पलीकडे पोचलो. शंख-प्रवाळ उचलू नका, बंदी आहे. वाळूतल्या बारीक माश्या चावून आठवडाभर खाज सुटते, तेव्हा खोबरेल चोपडूनच बसा. खाडीजवळ खाऱ्या पाण्यातल्या मगरींचे फलक दिसले तर पाण्यात उतरू नका, ते शोभेचे नाहीत.

डिसेंबर ते फेब्रुवारी कालीपूरच्या किनाऱ्यावर समुद्री कासवं अंडी घालतात. रात्री वनखात्याच्या माणसांबरोबरच जायचं, बॅटरी बंद ठेवून. पहिल्या रात्री डास सोडून काही नव्हतं. दुसऱ्या रात्री एक ऑलिव्ह रिडले वर आली. ती मागच्या वल्ह्यांनी वाळू उपसत होती आणि आम्ही सहाजण तासभर उकिडवे बसलो होतो. पाय बधिर झाले, पण उठलं कुणीच नाही.

रोख पैसे पोर्ट ब्लेअरहूनच आणा. परतीची रात्रीची बोट रोज नसते; वेळापत्रक आधी विचारा, निघण्याचा दिवस त्यावरून ठरवा आणि हाताशी एक जादा दिवस ठेवा, कारण समुद्र खवळला की फेरी रद्द होते. चादर, कोरडा खाऊ आणि उलटीची गोळी जवळ असू द्या. आमची गोळी मोठ्या बॅगेत, तळाशी होती.