सव्वीस जानेवारीच्या सायकली

आमच्या पेठेतल्या मंडळाचा गणपती चारचौघांसारखा. देखावा बेताचा, वर्गणी त्याहून बेताची. पण सव्वीस जानेवारीला भरणारा जुन्या सायकलींचा मेळावा फक्त आमचा होता, आणि त्यासाठी कोथरूड, खडकी, हडपसर, अगदी तळेगावाहूनही माणसं यायची. आठवडाभर आधी मंडळाच्या फळ्यावर नियम लागत. सायकल रॉड ब्रेकची (तारेऐवजी सळ्यांनी लागणाऱ्या ब्रेकची) हवी. घंटी वाजली पाहिजे. आणि शेवटी जाड खडूने: ‘ढकलत आणलेली सायकल मेळाव्यात धरली जाणार नाही.’ पुण्यात पाटी वाचून कुणी दुखावत नाही, त्यामुळे तळेगावकरही पेडल मारतच यायचे.

पहाटे साडेपाचला शाळेच्या पटांगणावर जमायचं. जानेवारीची थंडी, मफलर, कानटोप्या, आणि त्या अंधारात दोन-तीन कार्बाइडचे दिवे. वेल्डिंगवाल्याकडून कार्बाइडचे खडे आणायचे, खालच्या डबीत टाकायचे, वरच्या टाकीत पाणी भरायचं आणि चावी जराशी फिरवून थेंब थेंब पाणी खड्यांवर सोडायचं. वायू तयार झाला की लसणासारखा उग्र वास सुटतो. मग काच उघडून काडी लावायची. पाणी जास्त सुटलं की ज्योत फुरफुरते, कमी सुटलं की मिणमिणते. नेमकी चावी किती फिरवायची, हे बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकांना बरोबर जमायचं. बाकीचे काड्यांची पेटी संपवायचे. डायनॅमोवाले लांब उभे राहून हसत, पण त्यांचा दिवा चाक थांबलं की विझतो, हे त्यांना लगेच ऐकवलं जाई.

मेळावा सुरू झाला तो ऐंशीच्या दशकाच्या शेवटी, आणि त्यालाही कारण होतं. एके काळी पुणं सायकलींचं शहर होतं. खडकीच्या दारूगोळा कारखान्याचा भोंगा झाला की रस्ताभर सायकलीच दिसत. दिवा नाही म्हणून, डबलसीट म्हणून पोलीस पकडत. पालिकेचा कर भरून वर्ष कोरलेला पितळी बिल्ला लावावा लागे. मग १९७२ साली लूना आली, स्कूटरसाठी लावलेले नंबर हळूहळू लागत गेले, पुढे एम-एटी आणि कायनेटिक होंडा आली. सायकली जिन्याखाली आणि माळ्यावर गेल्या. मंडळातल्या काही उत्साही मंडळींना वाटलं, निदान वर्षातून एकदा तरी त्या खाली उतरवाव्यात, ओव्हरऑइल कराव्यात, हवा भरून फिरवाव्यात. आमचा मेळावा जन्मला तोच मुळी सायकली कमी झाल्यावर. हे आम्ही कधी नीट लक्षात घेतलं नाही.

झेंडावंदन झालं की पोहे, आणि पोह्यांबरोबर मुलांची स्पर्धा. ओळीने सायकली लावायच्या, हँडलवरचे बिल्ले फडक्याने झाकायचे, आणि पेडलजवळचं चेनव्हील पाहून कंपनी ओळखायची. रॅलीच्या चेनव्हीलमध्ये बगळ्यांची डोकी असतात. बीएसएमध्ये चक्क तीन इंग्रजी अक्षरं कापलेली. ही कंपनी मूळची बर्मिंगहॅमची, बंदुका करणारी, म्हणून तिच्या बिल्ल्यावर एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन रायफली. हंबरच्या चेनव्हीलमध्ये हातापायांनी रेलून उभी असलेली पाच छोटी माणसं. आणि रजच्या चेनव्हीलमध्ये उघडा पंजा. पंजा दिसला की एखादा द्वाड पोरगा हमखास ‘काँग्रेस!’ ओरडायचा आणि मंडळाचे जनसंघी खजिनदार कपाळाला हात लावायचे. साध्या दातेरी लोखंडी चकतीत इतकी हौस करणारे कारखानदार होते, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

मेळाव्यातलं भांडण दरवर्षी एकच: ‘इंग्लंडची की आसनसोलची?’ ज्याच्या त्याच्या आजोबांची रॅली थेट नॉटिंगहॅमहून बोटीने आलेली असायची. रॅली कंपनी १८८७ची, नॉटिंगहॅमची, हे खरंच. पण १९५२ पासून सेन-रॅलीचा कारखाना आसनसोलजवळ रॅली आणि हंबर बनवू लागला, आणि आपल्याकडच्या पुष्कळ ‘विलायती’ सायकली तिथल्या. हर्क्युलिसचंही तेच. मूळ बर्मिंगहॅमची, पण १९५१ पासून मद्रासजवळ अंबत्तूरला तयार होऊ लागली. एका वर्षी एक वकील साहेब आजोबांच्या रॅलीचं वर्णन करत होते, बोट कोणती, बंदर कोणतं, सगळं. आमच्या मिस्त्रींनी सायकल उलटी केली, नळीवरचा शिक्का पुसला आणि म्हणाले, “साहेब, बोट कलकत्त्यापर्यंतच आली होती वाटतं.” वकील साहेबांनी पुढची दोन वर्षं मेळाव्यावर बहिष्कार घातला आणि मग हिंद सायकल घेऊन हजर झाले. ती वरळीला बनलेली, वादच नको.

मिस्त्रींविषयी सांगायलाच हवं. त्यांचं दुकान म्हणजे एक फळी, एक पाण्याचं घमेलं आणि वर टांगलेल्या ट्यूबा. पण तीन गिअरच्या स्टर्मी-आर्चर हबला पेठेत त्यांच्याशिवाय कुणी हात लावत नसे. हा हब १९०२ पासूनचा. मागच्या चाकाच्या मधोमध जाडसर डबा दिसतो, आणि पन्नाशीच्या दशकापासूनच्या हबवर बनल्याचं वर्ष आणि महिना ठोकलेला असतो. त्यामुळे सायकलचं वय चोरता येत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मध्ये या हबमध्ये एक पोकळ जागा आहे. केबल जराशी सैल असली की पेडल अचानक मोकळं सुटतं आणि माणूस नळीवर आदळतो. उभं राहून पेडल मारणाऱ्या एका जवान कार्यकर्त्याने हे अनुभवलं, तेव्हा त्याच्या तोंडून निघालेले शब्द प्रजासत्ताक दिनाला शोभणारे नव्हते. मिस्त्री त्याच्यापाशी बसले, गिअर दुसऱ्यात टाकला, उजव्या नटच्या भोकातून आत पाहिलं. गिअरच्या बारीक साखळीची कांडी आसाच्या टोकाशी बरोबर समपातळीत येईपर्यंत बारीक चकती बोटांनी फिरवली, पेडल हाताने उलटं फिरवून टिकटिक ऐकली आणि म्हणाले, “आता उभा राहा, नाही तर नाच.” पैसे विचारले तर म्हणाले, “आज सुट्टी.”

पोह्यांनंतर स्लो सायकलिंग. फक्कीने आखलेले पट्टे, पाय टेकला की बाद. रोडस्टरवर, म्हणजे या रोजच्या वापराच्या जुन्या सायकलींवर, माणूस ताठ बसतो, तोल सांभाळायला हे चांगलं. बहुतेक वर्षी एक निवृत्त पोस्टमन जिंकायचे. त्यांचं म्हणणं, आयुष्यभर पत्ते वाचत वाचत सायकल चालवली, हळू जाणं हीच तर नोकरी होती. बायकांची स्पर्धा वेगळी. लेडीज सायकलच्या मागच्या चाकाला साडी अडकू नये म्हणून विणलेली जाळी असायची. ती जाळी धड असलेली सायकल आली की आमच्या काकू स्पर्धा सोडून जाळीचा टाका बघत बसत.

आणि मग फेरी. टिळक रोड, सारसबाग, पर्वतीचा पायथा, विठ्ठलवाडी, वडगाव, धायरी फाटा, किरकटवाडी आणि खडकवासला. तेव्हा सिंहगड रस्त्याला झाडं होती आणि हिंगण्यापुढे मोकळी शेतं. धरणाच्या भिंतीखाली सायकली ओळीने लावायच्या, कांदाभजी आणि मटकीची भेळ खायची, आणि उन्हं तापायच्या आत परत. सगळ्या घंट्या एकदम वाजवत पेठेत शिरायचं, हा अलिखित रिवाज. गॅलऱ्यांतून लोक बघायचे.

फेरी आखडत गेली तसा मेळावाही. आधी खडकवासल्याऐवजी धायरी फाटा झाला, कारण पुढे डंपर फार. मग विठ्ठलवाडी. मग सारसबागेला एक वळसा. सिंहगड रस्त्यावर आता सुट्टीच्या दिवशीही धड पाय टेकायला जागा नसते, उड्डाणपूल झाला तरी. पण रस्त्यालाच सगळा दोष देणं मला पटत नाही. रस्ता वाईट होता तेव्हाही आम्ही जात होतो.

मला विचाराल तर मेळावा संपवला तो जुन्या सायकलींना आलेल्या भावाने. पूर्वी वीस-बावीस किलोची रॅली भंगारवाला लोखंडाच्या वजनाने घ्यायचा, तेव्हा ती वाचवणारा माणूस ती चालवण्यासाठीच वाचवायचा. पुढे कॅफेवाले आले, रिसॉर्टवाले आले, लग्नाआधीच्या फोटोंसाठी भाड्याने नेणारे आले. भिंतीवर टांगायला चाकं फिरण्याची गरज नसते. ब्रुक्सच्या चामडी सीटची, ल्युकसच्या दिव्याची वेगळी किंमत होऊ लागली. मग आमच्याच मंडळींचे हात आखडले. “दिवा काढून ठेवलाय, रस्त्यात कुणी ढापेल.” “नवीन पॉलिश केलंय, धूळ बसेल.” एका वर्षी एक सायकल चक्क टेम्पोतून उतरली, ब्लँकेटात गुंडाळून. फळ्यावरचा तो ढकलण्याचा नियम त्या वर्षी कुणी लिहिला नाही आणि पुन्हा कधीच लिहिला गेला नाही. सायकली मात्र दिसायला पूर्वीपेक्षा सुंदर झाल्या होत्या. लोक मोबाईलवर फोटो काढायचे आणि पोहे खाऊन जायचे.

सोसायट्यांनीही हातभार लावला. पार्किंगमधल्या ‘बेवारस सायकली अमुक तारखेपर्यंत न हलवल्यास विल्हेवाट लावली जाईल’ ही नोटीस बहुतेक सोसायट्यांत लागते. आमच्या एका सभासदाची बीएसए, चाळीस वर्षं त्यांच्या वडिलांनी नोकरीला नेलेली, अशाच एका नोटिशीत गेली. ते मुलीकडे बंगळुरूला होते.

तरुण सायकल चालवत नाहीत, ही तक्रार मात्र खोटी. रविवारी पहाटे सिंहगडाच्या वाटेवर हेल्मेट घातलेली कितीतरी पोरं-पोरी दिसतात, चांगल्या दमाची. २०१७-१८ मध्ये शहरभर भाड्याच्या रंगीबेरंगी सायकली आल्या तेव्हाही त्यांनी त्या आवडीने वापरल्या. त्या कंपन्याच टिकल्या नाहीत. या मुलांना आमच्या रॅलीबद्दल आदर आहे, ती हवी आहे असं नाही. आणि त्यांचं चूक कुठे आहे? रॉड ब्रेक ओल्या रिमवर लागत नाहीत. तीन गिअरवर खडकवासल्याचा चढ होतो, सिंहगडाचा नाही. मुंबई-पुणे शर्यतीत ‘घाटाचा राजा’ व्हायला निघालेला मुलगा बावीस किलो लोखंड बोरघाटात का चढवेल?

सुटे भाग हा खरा घोर. साध्या देशी सायकलीचा टायर, पेडलचा दांडा धरणारी कॉटरपिन अजून मिळतात. पण रॅलीच्या मधल्या धुरीचे, म्हणजे पेडलच्या आसाच्या बेअरिंगचे, कप तिच्या स्वतःच्या आट्यांचे, एका इंचात सव्वीस. इतर साध्या सायकलींचा कप तिथे बसत नाही. जबरदस्ती केली तर नळीतले आटेच जातात. आसनसोलचा कारखाना केव्हाच बंद झाला. नॉटिंगहॅममधलं स्टर्मी-आर्चरचं उत्पादन २००० साली थांबून तैवानला गेलं. ॲटलसने साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला बंद केला, नेमका जागतिक सायकल दिनाला. आमचे मिस्त्री गेले आणि त्यांचा मुलगा मोपेड दुरुस्त करतो. त्याने वडिलांची हत्यारं विकली नाहीत, एवढं खरं.

कर्वेनगरात विक्रम पेंडसे यांनी २०१७ मध्ये सायकलींचं संग्रहालय उघडलं. दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी बनवलेली, मधून दुमडणारी बीएसए तिथे आहे. पाहुण्यांना मी आवर्जून घेऊन जातो. तिथलं जतन मनापासूनचं आहे आणि अशी जागा असायलाच हवी. मेळाव्याची भूक त्याने भागत नाही, पण ते त्या संग्रहालयाचं कामही नव्हे.

यंदा मंडळाच्या बैठकीत पुन्हा विषय निघाला. ‘प्रदर्शन’ हा शब्द बहुतेकांना हवा होता, कारण हॉल मिळतोय आणि प्रायोजकही. मी आणि दोघा-तिघांनी सांगितलं, प्रदर्शन खुशाल करा, आम्ही पहाटे सारसबागेला वळसा घालून मग हॉलमध्ये येऊ. यावर खजिनदार म्हणाले, “विमा कोण काढणार?” वकील साहेबांच्या नातवाने हात वर केला. त्याला आजोबांची ती आसनसोलची रॅली चालवायची आहे. तिचा डावा कप झिजलाय आणि पेडल मारताना कटकट वाजतो. बुधवारी आणि रविवारी मी जुन्या बाजारात चक्कर टाकतो आहे. सव्वीस आट्यांचा कप कुणाच्या माळ्यावर, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात पडलेला असेल तर जानेवारीच्या आत हवा आहे. गंजलेला असला तरी चालेल, आटे शाबूत असावेत.