गप्प बसलेला 'के'

मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात दिवेलागणीला पूर्वी शुभंकरोती ऐकू येत असे. हल्ली त्या वेळी माझ्या पुतणीचे शब्दपाठांतर ऐकू येते. परवा तिला 'के' आणि 'एन' या जोडीने सुरू होणारे इंग्रजी शब्द अर्थासकट पाठ करायचे होते, आणि पाढ्यांच्या चालीवर, पुढेमागे झुलत, तिचे चालले होते : नी म्हणजे गुडघा, नॉट म्हणजे गाठ, निट म्हणजे विणणे, नॅक म्हणजे हातोटी, नीड म्हणजे कणीक मळणे. स्वयंपाकघरात खरोखरच कणीक मळत असलेल्या वहिनींनी तिथूनच विचारले, "नीड म्हणजे गरज ना गं?" त्यावर "ते निराळं, त्यात के नाही" असे सांगून पुतणी माझ्याकडे वळली. "काका, हा के सगळीकडं गप बसलाय. म्हणायचाच नाही तर लिहायचा कशाला?"

आपण बोलतो तसे लिहितो, असा अभिमान बाळगणाऱ्या घरात हा प्रश्न निघणे साहजिक होते. मी तिला सांगितले की हा 'के' मुळात मुका नव्हता. जुन्या इंग्रजीत गुडघ्याला 'क्नेओ' म्हणत आणि त्यातला क स्पष्ट उच्चारला जाई. पुढे विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला इंग्लंडातला पहिला छापखाना घातला, शब्दांची रूपे हळूहळू खिळ्यांत बसू लागली, पण माणसांची जीभ कोणी खिळ्यांत बसवली नव्हती. सतराव्या शतकाच्या सुमारास तिने हा क टाकून दिला आणि कागदावर मात्र तो होता तिथेच राहिला. शेजारच्या जर्मन भाषेने तो टाकला नाही. जर्मन माणूस आजही गुडघ्याला 'क्नी' म्हणतो. पुतणीने 'क्नी, क्नी' असे दोनचारदा म्हणून पाहिले आणि तिला ते फार आवडले, कारण गुडघा मोडल्यासारखा आवाज येतो असे तिचे मत पडले.

मला स्वतःला या यादीत सर्वांत मोह पडतो तो गुडघ्याचा आणि 'नो' म्हणजे जाणणे या शब्दाचा, कारण हे दोन्ही आपले दूरचे नातेवाईक आहेत. संस्कृतातले 'जानु', लॅटिनमधले 'गेनु' आणि इंग्रजीतला हा गुडघा एकाच मुळाचे. आजानुबाहू म्हणताना आपण नकळत त्यालाच हात लावतो. मुळातल्या ग-चा क करणे ही इंग्रजीच्या कुळाची जुनी आणि अगदी नियमित सवय आहे, म्हणून आपल्या 'गो'ची तिकडे 'काऊ' झाली आणि 'युग' म्हणजे बैलांच्या मानेवरचे जू, त्याचे 'योक' झाले. जाणण्याचा शब्द तर थेट 'ज्ञा' या धातूच्या घरचा. आणि या ज्ञ-ची आपण तरी काय अवस्था केली आहे? लिहिताना ज आणि ञ जोडायचे आणि म्हणताना 'द्न्य' म्हणायचे. हिंदीत त्याचा 'ग्य' होतो. हे ऐकवल्यावर पुतणी वहीवर 'ज्ञानेश्वर' लिहून बराच वेळ त्याकडे संशयाने पाहत राहिली.

यादीच्या शेवटी 'नाइट' म्हणजे सरदार आणि 'नेव्ह' म्हणजे लबाड माणूस, असे दोन शब्द एकाखाली एक होते. या दोघांची गोष्ट मोठी गमतीची आहे. दोघांचाही मूळ अर्थ निव्वळ 'पोरगा', मग घरचा पोऱ्या, नोकर. पुढे त्यातला एक राजाच्या पदरी घोड्यावर बसला आणि मानकरी झाला, तर दुसऱ्याच्या नशिबी बदनामी आली. जर्मनीत राहिलेला पहिल्याचा भाऊ 'क्नेख्ट' अजून गडीच आहे. दुसऱ्याला इंग्रजांनी पत्त्यांच्या डावात राजाराणीखाली बसवले, आणि त्याच पत्त्याला आपण 'गुलाम' म्हणतो. बुद्धिबळात तर पहिल्याचीही पंचाईत झाली. डाव लिहून ठेवताना 'के' हे अक्षर राजाने बळकावल्यामुळे आपला घोडा बिचारा नुसत्या 'एन'वर भागवतो. उच्चारात नसलेले अक्षर लिहिण्यातूनही जाण्याचा मान त्या शब्दाला तेवढा पटावरच मिळाला आहे.

इतके सांगून झाल्यावर मला माझ्या आजोबांची वही आठवली. ते शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर दिवाणजी होते आणि त्यांच्या रोजच्या टिपणांची एक वही आम्ही जपून ठेवली आहे. पुतणीने ती उघडली आणि 'नांव', 'गांव', 'पांच रवे' हे शब्द ती मोठ्याने, भरपूर नाकातून वाचू लागली. त्या टिंबांचा उच्चार आजोबाही करत नव्हते, हे मी सांगितले तेव्हा तिला विजयाचा आनंद झाला. "म्हणजे पणजोबांचापण के होता की!" तिचे म्हणणे अगदी बरोबर होते. 'नाम'मधला म, 'ग्राम'मधला म आणि 'पंच'मधले अनुनासिक बोलण्यातून विरून गेल्यावर मागे राहिलेली ती टिंबे होती. १९६२ च्या लेखननियमांनी आपण ती पुसली, इंग्रजांनी आपला 'के' पुसला नाही, इतकाच फरक. मला ती टिंबे पुसल्याचे दुःख नाही, शुद्धलेखनात त्यांनी माझे पुष्कळ गुण खाल्ले असते. पण आजोबांच्या हातचे 'गांव' पाहिले की टिंबाशिवायचे गाव थोडे उघडेबोडके वाटते, हे कबूल केले पाहिजे.

सोमवारी चाचणी झाली. पुतणीचा एकच शब्द चुकला. 'नाइट'समोर तिने 'घोडा' लिहिले होते, त्यावर लाल काट मारून बाईंनी 'सरदार' असे लिहून दिले होते. आज ती शाळेत जाताना दप्तरात बुद्धिबळाचा डबा घेऊन गेली आहे.