माल्बोर्क: नोगात नदीकाठचा विटांचा किल्ला

पोलंडमधल्या ग्दान्स्क शहराहून रेल्वेने पाऊण तासात माल्बोर्क येतं. स्टेशनपासून किल्ला पंधरा-वीस मिनिटांच्या चालीवर आहे, टॅक्सीच्या फंदात पडू नका. कातळात उभे गड पाहायची सवय असलेल्यांनी इथे जरा डोळे सरावू द्यावेत. इथे सगळी वीट. लालभडक, नजर पोचेल तिथवर.

ट्यूटॉनिक ऑर्डर या जर्मन लढवय्या धर्मसंघाने तो तेराव्या शतकात बांधायला घेतला. १३०९ मध्ये संघाच्या प्रमुखाने व्हेनिसहून इथे मुक्काम हलवला आणि मग बांधकाम वाढतच गेलं. १४१० मध्ये ग्रुनवाल्डच्या लढाईत संघाचं कंबरडं मोडलं, तरी त्यानंतरच्या वेढ्यात किल्ला काही पडला नाही. तो गेला १४५७ मध्ये, आणि तोही पैशापायी: पगार थकलेल्या भाडोत्री सैनिकांनी तो सरळ पोलंडच्या राजाला विकला!

प्रमुखाच्या महालात उन्हाळी भोजनगृह आहे, तिथे घाई करू नका. मधोमध दगडाचा एकच खांब, आणि त्याच्या माथ्यावरून छताच्या कमानी चहूबाजूंना फाकलेल्या. १४१० च्या वेढ्यात नेम याच खांबावर होता, तो चुकला, अशी आख्यायिका सांगतात. शेकोटीच्या वर भिंतीत रुतलेला तोफगोळा दाखवतात. खरं-खोटं देव जाणे. मला मात्र जमिनीतली झाकणं जास्त आवडली. तळघरातल्या भट्टीत दगड तापवायचे आणि झाकण उघडलं की गरम हवा वर दालनात. संडासाची सोयही तशीच विचारपूर्वक केलेली: मुख्य इमारतीपासून दूर स्वतंत्र बुरूज, तिथवर कमानींवरून छपरी वाट.

१९४५ च्या लढाईत किल्ल्याचा निम्म्याहून अधिक भाग उद्ध्वस्त झाला होता. त्यामुळे भिंती पाहताना जुन्या-नव्या विटांचा रंग ताडून बघा. डागडुजी कुठवर झाली ते लगेच कळतं.

आतलं पाहायला तीन-चार तास हाताशी ठेवा. जिने आणि खडबडीत फरसबंदी बरीच आहे, तेव्हा बूट चांगले हवेत. नदीकडची बाजू पश्चिमेला तोंड करून असल्यामुळे सकाळी सावलीत असते. फोटोसाठी दुपारनंतर पादचारी पुलावरून पलीकडच्या काठावर जा. सोमवारी जायचा बेत असेल तर आतली दालनं उघडी आहेत का, ते संकेतस्थळावर आधी पाहून घ्या.