गुणोत्तराचं गणित: काय बदललं नाही ते आधी बघा

जीमॅट या एमबीए प्रवेश परीक्षेच्या क्वांट (गणित) विभागात ४५ मिनिटांत २१ प्रश्न असतात आणि कॅल्क्युलेटर मिळत नाही. एका प्रश्नाला जेमतेम दोन मिनिटं. गुणोत्तराच्या शाब्दिक उदाहरणात यातला बराच वेळ समीकरण मांडण्यातच जातो, आणि पुष्कळदा त्या समीकरणाची गरजच नसते.

समजा, एका कंपनीत मॅनेजर आणि क्लार्क ३:८ आहेत. ४ नवे मॅनेजर आल्यावर गुणोत्तर १:२ झालं. क्लार्क किती?

नववीतल्या के पद्धतीने (मॅनेजर ३के, क्लार्क ८के धरून) ३के + ४ ही संख्या ८के च्या निम्मी, म्हणून के = ४ आणि क्लार्क ३२. उत्तर बरोबर. पण क्लार्कची संख्या हललेलीच नाही. मग दोन्ही गुणोत्तरांत क्लार्कचे भाग सारखे करा: १:२ म्हणजेच ४:८. मॅनेजर ३ भागांचे ४ झाले, म्हणजे १ भाग = ४ माणसं आणि ८ भाग = ३२. हे तोंडी होतं.

पर्यायांत ४, १२ आणि १६ असणार हे धरूनच चाला. पहिली के ची किंमत, दुसरी आधीच्या मॅनेजरांची संख्या, तिसरी नंतरच्या. काय विचारलंय ते मांडणीआधी लिहून ठेवलं की हा सापळा टळतो.

वयाच्या उदाहरणात फरक कायम राहतो. वडील-मुलगा ५:१, पाच वर्षांनी ३:१. फरक ४ भाग आणि २ भाग. ते सारखे करायला ३:१ चे ६:२ करा. दोघांचा एकेक भाग वाढला, म्हणून १ भाग = ५ वर्षं; वयं २५ आणि ५. एका डब्यातून दुसऱ्यात काही टाकलं, तर बेरीज कायम.

काहीच कायम नसेल तेव्हाच समीकरणाकडे वळा. पुरुष-स्त्रिया ३:२, ८ पुरुष आले, ३ स्त्रिया गेल्या, आता २:१. इथे सर्रास होणारी चूक म्हणजे ३के + ८ = २के असं लिहिणं. के पहिल्या गुणोत्तराचा आहे. दुसऱ्याचा गुणक वेगळा, त्याला हा के लावता येत नाही. बरोबर मांडणी: ३के + ८ = २(२के − ३). के = १४, म्हणजे आधी ४२ आणि २८, नंतर ५० आणि २५.

जोडगुणोत्तरात मधली संख्या जुळवावी लागते. अ:ब = ३:४, ब:क = ६:५. ४ आणि ६ चा लसावि १२, म्हणून ९:१२:१०. एकूण संख्या ३१ च्या पटीतच हवी; ज्या पर्यायाला ३१ ने भाग जात नाही तो लगेच खोडा.

डेटा सफिशियन्सीत, म्हणजे दिलेली माहिती उत्तराला पुरते का एवढंच ठरवायच्या प्रश्नांत, हीच विभाज्यता निर्णायक ठरते. (हे प्रश्न आता डेटा इनसाइट्स विभागात येतात.) नुसती गुणोत्तरं दिली, एकही प्रत्यक्ष आकडा नाही, तर माणसं किती ते सहसा ठरत नाही. पण ५:७:११ आणि ‘एकूण माणसं ४० पेक्षा कमी’ एवढं असलं तरी पुरतं, कारण बेरीज २३ च्या पटीत हवी आणि ४० च्या आत २३ च बसतं. तीच मर्यादा ५० केली की ४६ सुद्धा चालतं, आणि माहिती अपुरी ठरते.