नगरपरिषदेची बिंदुनामावली तपासताना : माझा अनुभव

मागासवर्गीयांचा अनुशेष, म्हणजे राखीव असूनही न भरलेल्या जागा, किती, असं नगरपरिषदेच्या आस्थापना विभागाला विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, "आमच्याकडे टक्केवारीपेक्षा जास्तच लोक आहेत." बेरीज बहुतेक वेळा खरी असते, म्हणून ती खोडता येत नाही. समजा, एकूण 200 कर्मचारी आहेत आणि त्यांत 70 अनुसूचित जातीचे. त्यांच्या 13 टक्के आरक्षणाने 26 लागतात, म्हणजे आकडा भरपूर. पण त्या 70 पैकी 60 जण सफाई कामगार असतील आणि लिपिकांच्या 40 पदांवर एकच जण असेल तर? 40 चे 13 टक्के 5.2 होतात, म्हणजे किमान पाच हवेत. आरक्षण मोजायचं ते संवर्गनिहाय, म्हणजे एकाच प्रकारच्या पदांचा गट धरून. सफाईतली भरती टेबलावरच्या पदांच्या अनुशेषात वळती करता येत नाही. म्हणून मी एकूण संख्या कधी मागत नाही, बिंदुनामावली नोंदवही मागतो. संवर्गातला प्रत्येक क्रमांक, म्हणजे बिंदू, कोणत्या प्रवर्गाचा आणि त्यावर कोण आहे, हे तिच्यात असतं.

अर्ज माहिती अधिकाराचा, वर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर साधारण 150 शब्दांत लागतो, म्हणून प्रत्येक संवर्गाला वेगळा अर्ज देतो. मजकूर एवढाच : "लिपिक संवर्गाची मंजूर पदे, बिंदुनामावली नोंदवहीची प्रत, गोषवारा, आणि विभागीय आयुक्त कार्यालयाच्या मागासवर्ग कक्षाने शेवटच्या तपासणीत दिलेला शेरा व दिनांक." 'का' आणि 'कोण जबाबदार' असे प्रश्न घालू नयेत. त्यांचं उत्तर येत नाही, उलट अर्ज फेटाळायला निमित्त मिळतं.

अर्ज देण्याआधी संवर्ग कुणाचा आहे ते बघावं. कर निर्धारण, लेखा, स्थापत्य, पाणीपुरवठा यांतली बरीच पदं राज्यस्तरीय नगरपरिषद सेवांमधली असतात आणि त्यांची नामावली नगरपरिषद प्रशासन संचालनालयाकडे असते. स्थानिक लिपिक, शिपाई, मुकादम, सफाई कामगार ही पदं नगरपरिषदेची. "हे पद आमच्याकडचं नाही" असं तोंडी सांगून परत पाठवत असतील तर माहिती अधिकार कायद्याचं कलम 6(3) दाखवावं. अर्ज पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवणं त्यांचंच काम आहे.

दुसरी अडचण कलम 8(1)(ञ) ची, म्हणजे 'वैयक्तिक माहिती आहे'. त्यावर मी नावं सोडून देतो. बिंदू क्रमांक, बिंदूचा प्रवर्ग, त्यावरील व्यक्तीचा प्रवर्ग, नियुक्तीचा दिनांक आणि जात वैधता मिळाली की नाही, एवढे रकाने पुरतात. नावांचा हट्ट धरला की महिने जातात आणि हिशोबाला त्यांचा काही उपयोगही होत नाही. 'माहिती विस्तृत आहे' असं कळवलं तर अभिलेखाचं निरीक्षण मागावं आणि हव्या त्या पानांच्या साक्षांकित प्रती 2 रुपये पानाने घ्याव्यात. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, 20 रुपयांचा स्टॅम्प लावून. तिथेही दाद मिळाली नाही तर 90 दिवसांत राज्य माहिती आयोग.

वही हातात आली की आधी मागचं पान उघडतो. गोषवारा आणि नामावली तपासणाऱ्या मागासवर्ग कक्षाचा शिक्का तिथे असतो. शिक्क्याचा दिनांक भरतीच्या जाहिरातीनंतरचा असेल तर पदसंख्या आणि प्रवर्ग तपासणीशिवायच ठरले, असा त्याचा अर्थ. मग बिंदू एकेक करून बघायचे. दोन चुका हटकून सापडतात. गुणवत्तेवर, कुठलीही सवलत न घेता खुल्या जागेवर निवडलेला मागासवर्गीय उमेदवार राखीव बिंदूवर बसवलेला असतो, त्यामुळे अनुशेष कागदावर भरल्यासारखा दिसतो. त्याची गणना खुल्या बिंदूवरच व्हायला हवी. दुसरी चूक अनुसूचित जमातीच्या बिंदूंवर. जुलै 2017 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर, जमातीचा दावा अवैध ठरलेल्यांना 21 डिसेंबर 2019 च्या शासन निर्णयाने अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांबाहेरच्या, पदावर नेलं गेलं. त्यांचा मूळ बिंदू रिकामा दाखवायला हवा. वहीत मात्र तो भरलेलाच राहतो आणि शेरा रकान्यात लाल शाईने 'वैधता अप्राप्त' एवढं लिहून विषय मिटवलेला असतो.

टक्केवारी लावताना पालघर, नंदुरबार, गडचिरोली अशा आदिवासीबहुल जिल्ह्यांत गट क आणि ड ला वेगळं प्रमाण असतं, हे ध्यानात ठेवावं. 2024 मध्ये सामाजिक व शैक्षणिक मागास वर्गाचे 10 टक्के आले, त्यामुळे जुनी वही आणि नवी वही एकाच हिशोबात धरू नये. 45 दिवसांपेक्षा कमी मुदतीच्या तात्पुरत्या नेमणुकांना आरक्षण अधिनियम लागू नाही. ठेकेदारामार्फत आलेली माणसं तर या वहीत दिसतच नाहीत, आणि अलीकडे शहरं चालतात ती याच माणसांवर. ठेकेदाराचा करारनामा आणि हजेरीपट वेगळ्या अर्जाने मागावेत.

तक्रार लिहिताना 'जातीय भेदभाव होतो' या वाक्याने सुरुवात करत नाही. भेदभाव होत नाही असं माझं मत मुळीच नाही. पण त्या वाक्यावर खुलासा मागवला जातो आणि तक्रार तिथेच थांबते. त्याऐवजी संवर्ग, मंजूर पदं, देय बिंदू, भरलेले, रिक्त आणि चुकीचा बिंदू क्रमांक असा एका पानाचा तक्ता देतो, सोबत वहीच्या साक्षांकित प्रती. 2001 च्या आरक्षण अधिनियमात जाणूनबुजून आरक्षण डावलणाऱ्याला 90 दिवसांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड आहे. ते शेवटच्या ओळीत नमूद करतो. शिक्षा झालेली मी पाहिलेली नाही, पण ती ओळ वाचली की फाइल हलते.

तक्रार मुख्याधिकाऱ्यांना, प्रत मागासवर्ग कक्षाच्या सहायक आयुक्तांना आणि राज्याच्या अनुसूचित जाती किंवा जमातींच्या आयोगाला. विधिमंडळाची अनुसूचित जाती कल्याण समिती जिल्ह्याच्या दौऱ्यावर येते तेव्हा आस्थापनेकडून भरती, पदोन्नती आणि अनुशेषाची माहिती मागवते. दौऱ्याआधी तोच तक्ता समितीकडे पोहोचवता आला तर उत्तम. मागणी एकच ठेवावी : नामावली दुरुस्त होऊन कक्षाकडून तपासली जाईपर्यंत भरतीचं नवं मागणीपत्र पाठवू नये. पोच घेताना आवक क्रमांक आणि तारीख आपल्या प्रतीवर लिहून घ्यावी, नुसता गोल शिक्का घेऊन येऊ नये.