झीकच्या कुकीजचं पुढे काय झालं

आमच्या घरी टीव्हीचा आवाज कायम 'चार'वर. पप्पा नाशिकला अंबडच्या कंपनीत होते, दर आठवड्याला पाळी बदलायची. नाइट असली की सकाळी साडेसातला घरी, आंघोळ, चहा, आणि मग दुपारी तीनपर्यंत सिडकोच्या तिसऱ्या स्कीममधल्या आमच्या घरात सगळ्यांनी मांजरासारखं वावरायचं. त्यामुळे लहानपणी मी जे काही पाहिलं ते टीव्हीपासून हातभर अंतरावर बसून, अर्धं ओठांवरून समजून घेत पाहिलं. डोळे खराब होतील म्हणून आई ओरडायची, तेही कुजबुजतच.

डिस्ने चॅनेल भारतात आलं डिसेंबर २००४ मध्ये. आमच्या केबलवर ते कधी अवतरलं ते केबलवाल्यालाच ठाऊक. मला एवढंच आठवतं की ते अठ्ठेचाळीसवर लागायचं आणि मुंग्या यायच्या. महिन्याचे पैसे न्यायला केबलवाला दादा आला की मी दारातच तक्रार करायचो. तो "उद्या वायर बघतो" म्हणायचा. त्याचा 'उद्या' मी पाचवीतून सातवीत गेलो तरी उजाडला नव्हता.

तर त्या मुंग्यांतून मी टीव्हीसाठीच बनवलेले ते सिनेमे पाहिले. थिएटरला न येता थेट चॅनेलवर येणारे, हिंदीत बोलणारी अमेरिकन पोरं असलेले. भाऊ म्हणायचा, हे खरे पिक्चर नाहीत, खऱ्या पिक्चरचं पोस्टर लागतं. त्याचं एका अर्थी बरोबर होतं. सर्कल टॉकीजवर त्यातल्या एकाचंही पोस्टर लागलं नाही.

मला सगळ्यात जास्त चढला तो 'हायस्कूल म्युझिकल'. अमेरिकेत तो २० जानेवारी २००६ ला दाखवला, आपल्याकडे त्याच वर्षी आला आणि मग इतक्यांदा लागला की 'आज पिक्चर कुठला' हे विचारायची गरजच उरली नाही. बास्केटबॉलच्या टीमचा कॅप्टन ट्रॉय आणि अभ्यासातली हुशार गॅब्रिएला शाळेच्या म्युझिकलमध्ये गायचं ठरवतात आणि सगळी शाळा हादरते, एवढीच गोष्ट. आता कळतं की सगळा खर्च साधारण बेचाळीस लाख डॉलर, हॉलिवूडच्या मानाने चिल्लर. आणि ते दिसतंही. तोच कॉरिडॉर, तीच जिम, तेच कॅन्टीन. गोष्ट आल्बुकर्कची असली तरी शाळा खरीखुरी, सॉल्ट लेक सिटीतली ईस्ट हाय. मला तो तोकडेपणाच आवडायचा. आमचंही सगळं जग पवननगर ते त्रिमूर्ती चौक एवढ्यातच मावत होतं.

(पुढे तिसरा भाग थिएटरसाठी काढला. मोठा, चकचकीत. माझं काही मन लागलं नाही.)

खरं सांगायचं तर मला ट्रॉयशी देणंघेणं नव्हतं. तो सगळ्यांचाच होता. नंतर वाचलं की त्या पहिल्या भागात गाण्यांतला त्याचा आवाजही बराचसा ड्रू सीली नावाच्या दुसऱ्याच गायकाचा आहे. आपल्याकडे तर बोलतानाचाही आवाज तिसऱ्याच कुणाचा. माझा माणूस होता झीक. टीममधलाच एक, उंच, मागच्या रांगेतला. कॅन्टीनच्या गाण्यात तो उभा राहतो आणि सगळ्यांसमोर सांगून टाकतो की मला बेकिंग आवडतं. एक दिवस मला अस्सल क्रेम ब्रूले जमवायचंय. त्याच्यामागोमाग अभ्यासू मुलगी सांगते की तिला हिपहॉप आवडतं, स्केटबोर्डवाला सांगतो की तो चेलो वाजवतो, आणि अख्खं कॅन्टीन टेबलांवर हात आपटत त्यांना खाली बसवतं.

'क्रेम ब्रूले' मला 'क्रीम बुलेट' ऐकू आलं होतं. आईला विचारलं. तिने भाकरी थापता थापता विचार केला आणि म्हणाली, "असेल खरवसासारखं." पुष्कळ वर्षांनी हॉटेलात खाल्लं तेव्हा तिची आठवण आली. वरची जळकी साखर सोडली तर ती फार चुकली नव्हती.

मला झीकचं एवढं का, तर नानखटाई. दिवाळीच्या आधी आमच्याकडे घरी पीठ मळून बेकरीत भाजून आणायची पद्धत होती. आदल्या रात्री आई परातीत डालडा घ्यायची आणि तळहाताने फेटायला लागायची. गोल गोल, एकाच दिशेने. आधी पिवळट, मग सायीसारखं, मग इतकं पांढरं आणि हलकं की बोटाने उचललं तर टोक उभं राहायचं. मग पिठीसाखर, मैदा, मूठभर बेसन, वेलची. दहाव्या वर्षापासून ते फेटणं माझ्याकडे आलं, कारण भाऊ दहा मिनिटांत पळायचा आणि मी थांबायचो नाही. सकाळी पत्र्याचा डबा घेऊन बेकरीच्या रांगेत मीच. बायकांच्या रांगेत मी एकटा पोरगा. भट्टीवाले काका लांब दांड्याच्या फावड्याने पत्रे आत सरकवायचे, पुन्हा ओढायचे, आणि मला कुणाच्या नानखटाईला जास्त तूप झालंय ते नुसत्या पसरण्यावरून ओळखता यायला लागलं होतं. आपला माल आपल्यालाच परत मिळावा म्हणून आई प्रत्येक गोळ्यावर चारोळीऐवजी टरबुजाची एक बी दाबायची.

वर्गात एकदा बाईंनी मोठेपणी काय व्हायचंय ते विचारलं. पोलीस, क्रिकेटर, इंजिनीअर असं चाललेलं. मी म्हटलं, बेकरी टाकणार. मागच्या बाकावरून आवाज आला, "काय भो, लाटणं आणलं का?" वर्ग हसला, बाईही हसल्या. तेव्हा टेबलं आपटली नाहीत कुणी, एवढाच फरक. पुढच्या वेळेपासून मी इंजिनीअर सांगायला लागलो. आणि झालोही, डिप्लोमाचा.

मुद्दा असा की झीकचं पुढे काय झालं ते मला कळलंच नव्हतं. एक तर जाहिराती. अमेरिकेत त्या चॅनेलवर साबण-चॉकलेटच्या जाहिराती नसायच्या, त्यामुळे असं तोडायला तो सिनेमा बनवलेलाच नव्हता. आपल्याकडे मात्र ट्रॉयने तोंड उघडलं की मधूनच बॉर्नव्हिटा. आई प्रत्येक ब्रेकला मला एक काम द्यायची: नळ आला का बघ, गच्चीवरचे कपडे काढ. त्यात लोडशेडिंग. आमच्या भागाची वेळ आणि सिनेमाच्या शेवटाची वेळ यांचं काहीतरी साटंलोटं असावं. कधी म्युझिकलची निवड आणि बास्केटबॉलची फायनल एकाच वेळी सुरू झाली की लाइट जायची, कधी त्याच्याही आधी. एक-दोनदा शेवट मिळाला तोही एवढाच: झीक त्याच्या आवडत्या शार्पेला सांगतो की मी तुझ्यासाठी कुकीज केल्यात, ती नाक मुरडते, सगळे नाचतात आणि पाट्या सुरू व्हायच्या आत चॅनेल पुढच्या कार्यक्रमाकडे पळतं. म्हणजे माझ्या लेखी त्या कुकीज तशाच राहिल्या होत्या. तेरा-चौदा वर्षं.

एप्रिल २०२०. कंपनी बंद, पप्पा रिटायर, रस्त्यावर चिटपाखरू नाही. डिस्ने प्लस हॉटस्टार नुकतंच सुरू झालेलं. बाहेर बेकऱ्यांची भानगड चालू-बंद, म्हणून मी कुकरमध्ये नानखटाई करून बघत होतो: तळाला मीठ, त्यावर रिंग, रिंगवर ताटली, झाकणाची शिटी आणि रबर काढलेलं. पहिली खेप खालून काळी. दुसरी लावली आणि वेळ काढायला मोबाईलवर सिनेमा लावला, इंग्रजीत. अठ्ठ्याण्णव मिनिटं! मला तो अख्ख्या दुपारएवढा आठवत होता.

ब्रेक नाही, मुंग्या नाहीत. ट्रॉयने तोंड उघडलं तर वाक्य पूर्ण झालं. दोनदा मी सवयीने उठलो आणि उभ्या उभ्याच परत बसलो.

पाट्या सुरू झाल्या. फोन बंद करणार तेवढ्यात चित्र परत आलं. रिकामी जिम. झीक एकटाच. आणि शार्पे धावत येते, ओरडत, की या कुकीज म्हणजे कमाल आहेत, अशा मी कधी खाल्ल्याच नाहीत, अजून करून देशील का? तो म्हणतो, करीन की, कदाचित क्रेम ब्रूलेसुद्धा.

मी मागे नेऊन परत पाहिलं. मग आईला हाक मारली. तिने चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाली, "हे नव्हतं तेव्हा."

"होतं. आपल्याकडे दाखवलं नाही."

"बघ, म्हणजे पोरगी आली परत." आणि लगेच, "अरे, वास कसला येतोय?"

कुकर विसरलो होतो. दुसरीही खेप खालून लागली होती, पण पहिलीइतकी नाही. पप्पांनी काळा भाग सुरीने खरवडून दोन खाल्ल्या आणि टीव्हीचा आवाज वाढवला. आता तो बाविसावर असतो.