अँड्रॉइड गेमचा क्लाउड बिल्ड: सही झालेलं पहिलं बंडल

काल रात्री कोड पुश केला, लॅपटॉप मिटला आणि झोपलो. सकाळी क्लाउडवरच्या मशीनने बनवलेली, सही झालेली एएबी फाइल (प्ले स्टोअरवर चढवायचं अ‍ॅपचं बंडल) तयार होती! तीन आठवडे याचीच वाट पाहत होतो. गेम युनिटी या गेम इंजिनातला, टूडी कोड्यांचा. आजवर बिल्ड, म्हणजे कोडपासून अ‍ॅप तयार करणं, लॅपटॉपवरच करायचो आणि तो चालू असताना दुसरं काहीच करता यायचं नाही.

सर्वात जास्त वेळ कीस्टोअरने, म्हणजे अ‍ॅपवर सही करायची की ज्या फाइलमध्ये असते तिने, घेतला. युनिटी त्याचा पासवर्ड प्रोजेक्टमध्ये साठवत नाही; एडिटर नव्याने उघडला की तो पुन्हा टाकावा लागतो. हे योग्यच आहे, नाहीतर तो सरळ रिपॉझिटरीत जाऊन बसला असता. पण क्लाउडवर बॅचमोडमध्ये (एडिटरची खिडकी न उघडता) पासवर्ड टाकणार कोण? म्हणून कीस्टोअर बेस६४ मध्ये (साध्या मजकुरात) बदलून सीक्रेट, म्हणजे बिल्ड सेवेतली गुप्त नोंद, म्हणून ठेवला. बिल्डच्या सुरुवातीला त्याची परत फाइल होते, आणि कीस्टोअर व एलियस (त्यातल्या कीचं नाव) दोन्हींचे पासवर्ड माझी बिल्ड स्क्रिप्ट एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून उचलते.

तरीही बंडल प्ले कन्सोलवर, म्हणजे गूगल प्लेवर अ‍ॅप चढवायच्या जागी, नाकारलं गेलं. लॉगमध्ये एकही एरर नव्हता. दोन संध्याकाळी शोधल्यावर सापडलं: कस्टम कीस्टोअरचा पर्याय मी सेटिंगमध्ये चालूच केला नव्हता, त्यामुळे सही डीबग कीने, म्हणजे फक्त चाचणीसाठीच्या कीने, होत होती. आता तो पर्याय स्क्रिप्टच चालू करते. शिवाय बिल्ड संपला की कीटूल या कमांडने बंडलमधल्या सर्टिफिकेटचा एसएचए-२५६ फिंगरप्रिंट (त्याची ओळख पटवणारा आकडा) काढून माझ्या अपलोड कीशी ताडून बघते. जुळला नाही तर बिल्ड नापास. ही तपासणी पहिल्या दिवसापासून ठेवा, असं मी आग्रहाने सांगेन.

व्हर्जन कोडसाठी, म्हणजे प्रत्येक आवृत्तीच्या वाढत्या आकड्यासाठी, बिल्डचा क्रमांक वापरायचं ठरवलं. पण हाताने अपलोड केलेल्या आवृत्त्या 41 पर्यंत पोहोचल्या होत्या आणि क्लाउडची मोजणी 1 पासून. वापरलेला कोड प्ले पुन्हा घेत नाही, म्हणून क्रमांकात 1000 मिळवले. कमाल मर्यादा 2100000000 आहे, तेव्हा चिंता नाही. तारीख-वेळ जोडून लांबलचक कोड करणाऱ्यांनी मात्र ही मर्यादा लक्षात ठेवावी.

एका बिल्डमध्ये सगळी चित्रं गायब होती. गिट एलएफएसच्या (मोठ्या फाइल गिटबाहेर ठेवायच्या सोयीच्या) फाइल उतरवायचं राहिलं होतं, त्यामुळे पीएनजीच्या जागी तीन ओळींचे मजकुरी पॉइंटर आले होते. चेकआउटमध्ये (रिपॉझिटरीतून कोड उतरवायच्या पायरीत) एक ओळ वाढवली आणि काम झालं.

वेळेत खरा फरक पडला तो लायब्ररी फोल्डर (इम्पोर्ट केलेले असेट युनिटी जिथे ठेवते ते) कॅशे केल्याने, म्हणजे पुढच्या बिल्डसाठी जपून ठेवल्याने. ते गिटमध्ये नसतं, म्हणून कोऱ्या मशीनवर प्रत्येक असेट नव्याने इम्पोर्ट होतो. कॅशेची की असेट्स, पॅकेजेस आणि प्रोजेक्ट सेटिंग्जच्या हॅशवरून (मजकूर बदलला की बदलणाऱ्या आकड्यावरून) बनवली, आणि ती तंतोतंत जुळली नाही तर आधीची कॅशे घ्यायची, अशी सोय ठेवली. नुसती हॅश ठेवली तर एक चित्र बदललं तरी सगळं पहिल्यापासून. सव्वा तासाचा बिल्ड आता पंचवीस मिनिटांत होतो. उरलेला बराचसा वेळ आयएल२सीपीपी (सी# कोडचं सी++ मध्ये रूपांतर करणारा युनिटीचा भाग) घेतं, पण 64-बिट एआरएमसाठी ते हवंच.

एएबी फोनवर थेट टाकता येत नाही, म्हणून बंडलटूल या साधनाने युनिव्हर्सल एपीके (कुठल्याही फोनवर थेट टाकता येणारी फाइल) काढण्याची पायरीही जोडली.

पुढचं काम 16 केबी मेमरी पेजचं, म्हणजे फोन मेमरी 16 केबीच्या तुकड्यांत वाटत असला तरी गेम चालावा याचं. अँड्रॉइड 15 आणि त्यापुढच्या आवृत्त्या टार्गेट करणाऱ्या अपडेटना प्लेने 1 नोव्हेंबर 2025 पासून ते बंधनकारक केलंय, आणि माझ्याकडे एका जुन्या प्लगइनची नेटिव्ह लायब्ररी (थेट प्रोसेसरसाठी आधीच तयार केलेला कोड) आहे. तिचं अलाइनमेंट, म्हणजे ती 16 केबीच्या हिशोबाने मांडलेली आहे का, ते बिल्डमध्येच तपासायची पायरी या आठवड्यात लिहायला घेतोय.